मोठ्या दाराने बाहेर पडू नकोस

२ जून

चिमणे,

पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद लिहायचा असतो. माझा आशीर्वाद तुला चालेल की नाही ठाऊक नाही, म्हणून एकदम कामाचंच लिहितो. मागची तीन पत्रं तू न फोडता परत पाठवलीस. बरोबर केलंस. त्यांत नुसतं रडगाणं होतं. हे मात्र वाच, आणि मग खुशाल फाड.

आत्याने कळवलं. तुझ्या आईच्या घशातली गाठ वाढली आहे, आवाज कुजबुजण्यापुरता उरलाय, आणि इथल्या मोठ्या हॉस्पिटलने एकोणीस तारीख दिली आहे. तू एकटी तिला घेऊन येणार आहेस. आजवर कॉलेजच्या पुढे कधी गेली नाहीस, असं आत्या म्हणते.

मी या शहरात अकरा वर्षं आहे. हॉटेलच्या धंद्यात आहे, बरं चाललंय. इथे पहिल्यांदा येणाऱ्या माणसाचं काय होतं ते मला पाठ आहे. म्हणून सांगतो.

गाडीतून उतरलीस की लगेच चालायला लागू नकोस. फलाटावर बाकावर बस. आईला पाणी दे. गर्दी जाऊ दे. मग उठ, आणि जिकडे सगळे जातात तिकडे जाऊ नकोस. सगळे मोठ्या दाराकडे जातात. तू पुलावरून पलीकडे जा, तिथे पार्सल ऑफिसच्या मागे एक लहान दार आहे. तिथून बाहेर पडलं की समोरच हॉस्पिटलची बस लागते. लहान दार, लक्षात ठेव. मोठ्या दाराने बाहेर पडू नकोस.

वर बघत चालू नकोस. नवा माणूस इमारती बघतो, पाट्या बघतो. समोर बघ, जणू रोजची जा-ये आहे. रस्ता विचारायचा तर दुकानात बसलेल्याला विचार. जो आपणहून विचारतो, ‘कुठे जायचंय ताई?’ त्याला उत्तर देऊ नकोस. ‘पहिल्यांदाच आलात का?’ म्हणाला तर अजिबात नाही.

पैसे दोन जागी ठेव. आईची फाईल पिशवीत नको, अंगाशी ठेव.

आईला यातलं काही सांगू नकोस. तिला माझं नावही नको असेल. आणि तिने स्वतः वाचायची तर सोयच नाही, तू घरात नसताना माझं पत्र तिच्या हाती पडलं तरी ती फक्त शिक्का बघेल. अक्षरओळख नसलेल्या माणसाचं एक बरं असतं.

तुझा,
(काय लिहू?)


८ जून

चिमणे,

पत्र परत आलं नाही. म्हणजे तू फोडलंस. म्हणून लगेच पुढचं लिहायला बसलो.

आता राहण्याचं. हॉस्पिटलच्या आवारातच रुग्णांच्या नातेवाइकांसाठी वसतिगृह आहे. पिवळी इमारत, दोन मजले. चादर आपली न्यायची. कुलूप आपलं न्यायचं, तिथलं कुलूप कुठल्याही किल्लीने उघडतं. खाट भिंतीकडची माग, दाराजवळची नको, रात्रभर ये-जा असते. गरम पाणी सकाळी साडेपाचला येतं आणि सहाला संपतं.

तुला वाटेत कुणी सांगेल, ‘वसतिगृह बंद आहे.’ किंवा ‘भरलंय.’ किंवा ‘तिथे ढेकूण आहेत, बाईमाणसाला नको ते.’ सांगणारा सभ्य दिसेल. इस्त्रीचा शर्ट असेल. तुझ्या आईला मावशी म्हणेल, तिची पिशवी हातातून घेईल आणि चालायला लागेल. पिशवी गेली की माणूस मागोमाग जातो. तू पिशवी सोडू नकोस. म्हण, ‘बंद असेल तर बंद दार बघून येऊ.’ एवढं वाक्य पाठ कर. याला त्यांच्याकडे उत्तर नसतं.

एकोणिसाला सकाळी सातला नंबर पुकारतात. सातला नसलात तर तुमच्या जागी दुसरा जातो आणि नवी तारीख तीन महिन्यांनंतरची. हात जोडा, पाय धरा, खिडकीतली बाई मान वर करत नाही. तीन महिने तुझ्या आईच्या घशाला परवडणारे नाहीत असं तिकडच्या डॉक्टरांनी सांगितलंय ना? मग आदल्या दिवशीची मुक्कामाची जागा हीच सगळ्यात मोठी गोष्ट आहे. लांब राहिलात की संपलं.

मी समोर येणार नाही. तसं वचन देतो. फक्त एक ओळ लिही, की वाचलं.

बाबा


१३ जून

चिमणे,

तुझं कार्ड मिळालं. एकच ओळ. ‘तुम्हाला हे सगळं कसं माहीत?’

दिवसभर कार्ड खिशात घेऊन फिरलो. अक्षर अजून शाळेतल्यासारखं ठसठशीत आहे तुझं, दाबून लिहिलेलं. खोटं लिहायला बसलो होतो. तीन कागद वाया गेले.

मला माहीत आहे, कारण मोठ्या दाराशी उभा असतो तो मी.

हॉटेलच्या धंद्यात आहे हे खोटं नाही. पण मी गिऱ्हाईक पकडून आणणारा आहे. सकाळच्या गाड्यांना इस्त्रीचा शर्ट घालून उभा राहतो. जो वर बघत येतो तो माझा. ‘पहिल्यांदाच आलात का?’ हे माझंच वाक्य आहे. ‘वसतिगृह बंद आहे,’ हेसुद्धा. बाकीचे मला साखऱ्या म्हणतात, इतकं गोड बोलतो मी. राहतो लॉजच्या जिन्याखाली, गाद्या ठेवायच्या खोलीत. बरं चाललंय म्हणून लिहिलं होतं, ते काही बरं चाललेलं नाही.

दोन वर्षांपूर्वी एक मास्तर आले होते, बायकोला घेऊन. तिचं हृदयाचं काहीतरी होतं. त्यांच्या हातात वसतिगृहाचा पत्ता लिहिलेला कागद होता. मी कागद बघितला आणि म्हणालो, ‘अहो मास्तर, ते तर गेल्या महिन्यात बंद पडलं.’ त्यांनी माझे आभार मानले. मी त्यांना नदीपलीकडच्या लॉजवर नेऊन सोडलं. सकाळी बस मिळेना, पोचले तेव्हा आठ वाजून गेले होते. नंबर गेला.

तिसऱ्या दिवशी ते मोठ्या दाराशी आले. मला वाटलं आता मारतील. ते नुसते उभे राहिले आणि म्हणाले, ‘ते उघडं होतं. मी बघून आलो. तुम्ही बंद आहे का म्हणालात?’ खरंच विचारत होते. त्यांना कळून घ्यायचं होतं. मी म्हणालो, ‘माझी चूक झाली असेल मास्तर.’ ते बायकोला घेऊन परतीच्या गाडीत बसले. पुढे काय झालं ते मला माहीत नाही. माहीत करून घेतलं नाही.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा तिथेच उभा होतो. तुला हेच लिहायचं होतं, बाकी सगळं तर कुणीही लिहील. मी सोडलं नाही.

घर सोडलं तेव्हा कारखाना बंद पडला होता, काम मिळालं की तुम्हाला बोलावणार होतो. हे काम मिळालं. या कामावर तुम्हाला काय तोंडाने बोलावू? पहिल्या वर्षी लाज वाटली म्हणून आलो नाही, आणि दुसऱ्या वर्षी, पहिल्या वर्षी आलो नाही याची लाज वाटली. असं करत अकरा झाली.

आता माझं सांगणं ऐकायचं की नाही ते तू ठरव. पण चोरानेच कुलूप कसं लावायचं ते सांगितलं तर ते नीटच लागेल ना? लहान दार. पिवळी इमारत. बंद असेल तर बंद दार बघून येऊ.

अठराला तुमची गाडी अकराला पोचते. मी मोठ्या दाराशी उभा असेन, तुमच्यासाठी नाही, बाकीच्यांना अडवायला. चष्म्याला आणि पोपटाला, माझ्याबरोबर दाराशी उभे राहणाऱ्या दोघांना, सांगून ठेवलंय, एक बारीक मुलगी आणि गळ्याला फडकं गुंडाळलेली बाई दिसली तर हात लावायचा नाही.

बाबा


२० जून, हॉस्पिटलच्या बाकावरून

चिमणे,

तू माझ्याशी बोलत नाहीस, चार खुर्च्या सोडून पलीकडे बसली आहेस, म्हणून लिहितो. हे तुझ्या पिशवीवर ठेवीन.

अठराला मी सकाळी नऊपासून उभा होतो. गाडी अकराची एकला, मग तीनला, अशी पुढे सरकत राहिली. सकाळपासून एकही गिऱ्हाईक नेलं नाही. तीनच्या सुमारास लॉजचा मालक स्वतः आला. म्हणाला, ‘बसस्टँडवर पंधरा जणांचा संघ उतरलाय खेळाडूंचा. जा आणि घेऊन ये. नाहीतर गादी उचल आणि चालू लाग.’ मी म्हणालो, ‘मालक, आज नको.’ तो म्हणाला, ‘आज नको तर उद्याही नको.’

मी गेलो. वीस मिनिटांत येतो असं मनाला समजावलं. जिन्याखालची का होईना, एक जागा आहे, ती जाईल म्हणून गेलो. माझी बाजू मांडत नाही. झालं ते सांगतोय.

परत आलो तर गाडी येऊन रिकामी झाली होती. धावत पुलावरून लहान दाराकडे गेलो. दाराला पत्रे ठोकलेले. सोमवारपासून दुरुस्ती. अकरा वर्षांत मी त्या दाराने कधी गेलोच नव्हतो. तुला लिहिण्याआधी एकदा जाऊन बघावं एवढंही सुचलं नाही मला.

चष्मा मोठ्या दाराशीच होता. कॉलर धरली तेव्हा म्हणाला, ‘पोपटाने नेली. मी म्हटलं त्याला, साखऱ्याची आहेत. तो म्हणाला, साखऱ्याचं या जगात कोण आहे?’

त्यानंतर मी लॉज पालथे घातले. प्रत्येक काउंटरवर वही बघायची, जिने चढायचे, दारं ठोकायची. लोकांनी शिव्या घातल्या. सातव्या लॉजवर, नदीपलीकडे, मास्तरांना नेलं होतं तिथेच, वहीत तुझी सही दिसली. मॅनेजर म्हणाला, ‘काय रे साखऱ्या, आज इकडे कुठे?’

तू नेमकी तेव्हाच जिना उतरत होतीस. मला बघितलंस. ओळखलंस की नाही ते आधी कळलं नाही, मग तुझा चेहरा बघून कळलं. तू म्हणालीस, ‘यांना ओळखता तुम्ही? तुम्ही यांच्यातलेच?’

मी म्हणालो, ‘लिहिलं होतं ना मी तुला.’

‘काय लिहिलं होतं?’

मला वाटलं, तू मॅनेजरसमोर सोंग घेते आहेस.

तू सांगितलंस की फाईल त्याने काउंटरवर ठेवून घेतली आहे, सकाळी दहाला खोली सोडताना मिळेल म्हणतो. सातला नंबर आहे म्हणून तू विनवून थकली होतीस. मीही आधी विनवलं. ‘माझी माणसं आहेत रे,’ म्हणालो. तो हसला. ‘तुझी सगळीच गिऱ्हाइकं तुझी माणसं असतात, मावशी काय, मास्तर काय.’ तेव्हा मी काउंटरवरून उडी मारून खण ओढला. त्याने किल्ल्यांचा जुडगा माझ्या तोंडावर मारला. भुवईला टाके पडलेत ते त्याचे. पण फाईल सोडली नाही.

वर खोलीत तुझी आई खाटेवर बसली होती. अकरा वर्षांनी. माझ्या डोळ्यावरून रक्त येत होतं, तिने गळ्याचं फडकं सोडलं आणि माझ्या हातात दिलं.  बोलण्यासारखा आवाजच कुठे होता? मी म्हणालो, ‘उठ, इथून निघायचंय.’ ती उठली.

पिवळ्या इमारतीत अकरा खाटा रिकाम्या होत्या. तू त्या मोजल्यास. एकेक खाट मोजत माझ्याकडे बघत होतीस.

काल सातला नंबर पुकारला तेव्हा तुम्ही खिडकीशी होतात. आज सकाळी तिला आत नेलं. डॉक्टरांनी सांगितलंय ते तुला माहीत आहेच, गाठ काढायची तर आवाजाची पेटीच काढावी लागेल. जगेल, पण बोलणार नाही. आणि आत गेल्यावर काय दिसतं त्यावर बाकीचं.

चार तास झालेत. तू काही खाल्लं नाहीस. कॅन्टीनमधून पाव-अंडं आणून तुझ्या शेजारी ठेवलं, तू ते शेजारच्या आजोबांना दिलंस.

मला इथून हाकल, पण तिला बाहेर आणेपर्यंत बसू दे. मी देवाला कधी काही मागितलेलं नाही आणि आता कुणाला मागू तेही कळत नाही, म्हणून तुला मागतोय. एवढंच. बसू दे.

बाबा


१ जुलै

तुला,

तुला पत्र लिहायची माझी ही पहिलीच वेळ. वीस वर्षांपूर्वी आपलं लग्न झालं तेव्हाही लिहिलं नव्हतं. तुला वाचता येत नाही म्हणून लिहायचं कारणच नव्हतं.

काय झालं ते तुला अर्धंच माहीत आहे, बाकीचं सांगतो. विसाला मी जे पत्र मुलीच्या पिशवीवर ठेवलं, ते तिने तिथल्या तिथे परत आणून दिलं. न फोडता. म्हणाली, ‘किती वेळा परत करू? मी तुमचं एकही पत्र उघडलेलं नाही. उघडणारही नाही.’

मी म्हणालो, ‘मग कार्ड कुणी लिहिलं?’

‘कसलं कार्ड?’

खिशात होतं. दाखवलं. तिने ते हातात घेऊन उलटसुलट करून बघितलं. मग म्हणाली, ‘हे आईचं अक्षर आहे.’ आणि खाली बसली. मीही बसलो. चार खुर्च्यांचं अंतर होतं, ते त्या वेळी एका खुर्चीचं झालं. ती म्हणाली की तू तिच्या जुन्या पुस्तकांवरून वाचायला शिकलीस, मी गेल्यानंतर तिसऱ्या वर्षी. आवाज बसायला लागल्यापासून पाटीवर लिहूनच बोलतेस. मला कुणी सांगितलं नव्हतं. आत्याच्या पत्रातही ते कधी नव्हतं.

म्हणजे जूनची पत्रं तू पोस्टमनकडून परस्पर घेतलीस. मोठं दार, लहान दार, सगळं तू वाचलंस. मास्तरांचं वाचलंस. आणि मी काय लिहिलं होतं? अक्षरओळख नसलेल्या माणसाचं एक बरं असतं. तेही वाचलंस, आणि तरी पुढचं वाचत गेलीस.

आता समजतं. अठराला स्टेशनवर तू तिला लहान दाराकडे ओढत होतीस. ती म्हणत होती, ‘आई, इकडे कुठे, सगळे तिकडे चाललेत.’ तू तिला का ते सांगू शकली नाहीस, सांगायचं तर पत्रांचं सांगावं लागलं असतं. आणि दाराला पत्रे ठोकलेले. पत्र्याला पाठ टेकून तू रडलीस असं ती म्हणाली. तिला वाटलं घसा दुखतोय. पोपट तिथे पोचला तेव्हा तू त्याचा शर्ट बघितलास आणि पिशवी घट्ट धरलीस. पण ओरडायला आवाज नव्हता. तोपर्यंत मुलगी ‘चला’ म्हणाली होती.

हे वाचून तुला लाज वाटायला नको. ती माझ्या वाट्याची आहे.

मालकाने त्याच दिवशी गादी बाहेर टाकली. मी आता हॉस्पिटलच्या कॅन्टीनमध्ये भांडी घासतो आणि मागच्या खोलीत झोपतो. स्टेशनवर गेलो नाही असं नाही. दोन दिवस सकाळी गेलो. मोठ्या दाराशी उभा राहून येणाऱ्यांना सांगत होतो, वसतिगृह उघडं आहे, सरळ जा. कुणी थांबलं नाही. मी आपणहून बोलणारा माणूस, माझ्यावर कोण विश्वास ठेवील? तिसऱ्या दिवशी चष्म्याने आणि पोपटाने मिळून मला मारलं.

सत्तावीसला तुम्ही निघालात. गाठ पूर्ण निघाली असं डॉक्टर म्हणाले, पण दर तीन महिन्यांनी दाखवायला यावं लागेल. फलाटावर मुलीने मला पिशवी उचलू दिली नाही. तू खिडकीत बसलीस, घशाला पांढरी पट्टी, मांडीवर पाटी. ती पाणी आणायला गेली तेव्हा तू लिहिलंस आणि माझ्याकडे वळवलंस.

‘घरी या असं म्हणणार नाही. पत्र लिहा.’

मी म्हणालो, ‘काय लिहू?’ तू हाताने पाटी पुसलीस आणि पुन्हा लिहिलंस, ‘खरं असेल ते.’

ती परत आली. तिने पाटी बघितली होती. गाडी हलताना ती दारात उभी होती, मला म्हणाली, ‘तिला लिहू नका. तिला चोरून काही करायला लावू नका. माझ्यापाठीमागे तिने इतके दिवस...’ पुढचं ऐकू आलं नाही. रडत होती की चिडली होती तेही दिसलं नाही.

म्हणून या वेळी पाकिटावर तुझं नाव घातलंय, मोठ्या अक्षरात. तुला ते लपवावं लागणार नाही. ती पोस्टमनकडून घेईल, बघेल, कदाचित फाडेल. फाडू दे. तू तिच्याशी भांडू नकोस. मी दुसरं लिहीन. तेही फाडलं तर तिसरं. सप्टेंबरपर्यंत पुष्कळ दिवस आहेत, आणि कॅन्टीनमध्ये दुपारी तीन ते चार मला काम नसतं.